एकट्याने करावयाची खाडीतील मासेमारी : होडी की लहान नौका? एक विवेचन

सारांश

कोकणच्या खाड्यांमध्ये आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात एकट्याने मासेमारी करणाऱ्या मच्छीमारासमोर साधन निवडताना मुख्यतः दोन पर्याय असतात. एक म्हणजे अरुंद, हलकी, वल्ह्याने चालणारी होडी आणि दुसरा म्हणजे रुंद, फळ्यांची किंवा फायबरची लहान नौका. या निवडीचा विचार सामान्यतः वेग, क्षमता आणि किंमत या तीन अंगांनी होतो. प्रस्तुत लेखात स्थैर्य, वजन, वल्हवण्याची शक्ती, पाणी शिरल्यानंतरची अवस्था आणि इंधनखर्च या घटकांचे विवेचन करून असे प्रतिपादन केले आहे की, एकट्या माणसाच्या बाबतीत साधनाची कसोटी त्याच्या सर्वोत्तम कामगिरीवर न लावता सर्वांत अवघड क्षणी तो माणूस ते साधन एकट्याच्या बळावर सांभाळू शकतो की नाही, यावर लावली पाहिजे.

बीजसंज्ञा : खाडी, होडी, उलांडी, लहान नौका, स्थैर्य, तरणशक्ती, पारंपरिक मासेमारी.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील मासेमारीविषयीच्या चर्चेत पर्ससीन, ट्रॉलर आणि मोठ्या यांत्रिक नौका यांना साहजिकच अग्रस्थान मिळते. तथापि, बाणकोट (सावित्री), दाभोळ (वाशिष्ठी), जयगड (शास्त्री), विजयदुर्ग (वाघोटण) आणि तेरेखोल या खाड्यांच्या काठी आजही एकट्याने मासेमारी करणारा मोठा वर्ग आहे. पाग फेकणे, लहान कांडाळी लावणे, गळ टाकणे, खेकड्यांचे सापळे मांडणे ही कामे एका माणसाने करण्याजोगी आहेत. मोठ्या नौकेवर उत्पन्नाचे वाटे पडतात. मालकाचा, नौकेचा, जाळ्याचा आणि खलाशांचा वाटा वेगळा काढावा लागतो. एकट्याच्या मासेमारीत वाटणी नसते, म्हणून थोडी मासळीही घर चालविण्यास उपयोगी पडते. परंतु त्याच कारणाने धोक्याचीही वाटणी होत नाही. वल्हवणे, जाळे ओढणे, पाणी उपसणे आणि संकटात सावरणे ही सर्व कामे एकाच देहावर येतात.

म्हणूनच साधनाची निवड हा येथे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. चार जणांसाठी योग्य ठरलेली नौका एकट्यासाठीही योग्यच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

२. दोन साधनांचे स्वरूप

प्रस्तुत लेखात 'होडी' हा शब्द लांब, अरुंद आणि कमी उंचीच्या कडांच्या साधनासाठी वापरला आहे. तिचे परंपरागत रूप म्हणजे एकाच खोडातून कोरून काढलेली होडी. दक्षिण कोकणात तिला 'पगार' असेही म्हणतात. आंब्याचे जाड खोड त्यासाठी सोयीचे मानले जाते. अशा जाड व सरळ खोडांची उपलब्धता घटल्यामुळे आणि त्यांची किंमत वाढल्यामुळे आता त्याच आकाराच्या फायबरच्या होड्या मोठ्या प्रमाणावर दिसतात. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडावर परिरक्षक प्रक्रिया करून व त्यावर फायबरग्लासचे आवरण चढवून लहान होड्या तयार केल्या. जुन्या लाकडाला पर्याय शोधण्याचा तो एक उल्लेखनीय प्रयत्न होय.

'लहान नौका' या शब्दाने येथे सुमारे तेवढ्याच लांबीचे, पण दुप्पट रुंदीचे, उंच कडांचे आणि मागील बाजूस इंजिन बसविण्याची सोय असलेले साधन अभिप्रेत आहे.

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून पुढील मापे गृहीत धरली आहेत. होडी ५ मीटर लांब, ०.७० मीटर रुंद आणि १२० किलो वजनाची. नौका ५ मीटर लांब, १.४० मीटर रुंद आणि २५० किलो वजनाची. मच्छीमाराचे वजन ६० किलो, जाळे व इतर सामान ४० किलो आणि नौकेवरील इंजिन सुमारे ४० किलो. ही मापे उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षातील साधने याहून लहानमोठी असतात.

३. स्थैर्याचा प्रश्न

तरंगणारी वस्तू थोडी कलली असता तिला पुन्हा सरळ करणारा जोर मुख्यतः पाण्याच्या पातळीवरील तिच्या रुंदीवर अवलंबून असतो आणि तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर कलण्याला होणारा विरोध सुमारे आठपट होतो. नौकेत पाऊल ठेवताच जाणवणारी 'भक्कमपणाची' भावना येथून येते.

याच्या विरुद्ध बाजूने काम करतो तो भाराचा गुरुत्वमध्य. होडीत बसलेला माणूस उभा राहिला की त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे ६५ सेंटिमीटर वर जातो. होडी, माणूस व सामान मिळून २२० किलोचा भार धरला तर सामायिक गुरुत्वमध्य सुमारे १८ सेंटिमीटर वर सरकतो. ७० सेंटिमीटर रुंदीच्या होडीजवळ स्थैर्याची जी शिल्लक असते, ती जवळजवळ एवढीच असते. म्हणजे बसलेल्या माणसासाठी सुरक्षित असलेली होडी तोच माणूस उभा राहताच काठावर येते. नौकेत हाच बदल सुमारे १० सेंटिमीटरचा असतो आणि तिच्याजवळील शिल्लक मीटरभराहून अधिक असते. पाग फेकण्यासाठी उभे राहावे लागते. म्हणून उभ्याने करावयाच्या मासेमारीला अरुंद होडी स्वभावतः प्रतिकूल आहे, तर बसून कांडाळ ओढणाऱ्याला ती तितकी प्रतिकूल नाही.

मात्र आरंभी भक्कम वाटणारे साधन शेवटपर्यंत भक्कम राहतेच असे नाही. सपाट तळाची रुंद नौका थोड्या कलण्याला जोरदार विरोध करते, परंतु तिची कड एकदा पाण्याखाली गेली की तो विरोध झपाट्याने ओसरतो. याचे बोधप्रद उदाहरण न्यूफाउंडलंडजवळील ग्रँड बँक्स या मत्स्यक्षेत्रात आढळते. तेथे कॉड मासळीसाठी 'डोरी' नावाच्या सपाट तळाच्या, बाहेर झुकलेल्या कडांच्या लहान नौका वापरात होत्या. पोर्तुगीज ताफ्यात एका डोरीत एकच माणूस असे आणि ही पद्धत १९७४ पर्यंत टिकली. रिकामी डोरी सहज डुलत असे. मासळी भरली की ती तळाशी बसून स्थिर होई आणि बाहेर झुकलेल्या कडा कलण्याबरोबर अधिकाधिक आधार देत. म्हणजे साधनाचे स्थैर्य रिकाम्या स्थितीत, भरलेल्या स्थितीत आणि कललेल्या स्थितीत असे तीनदा तपासावे लागते. किनाऱ्यावर उभ्या केलेल्या नौकेकडे पाहून किंवा शांत पाण्यात पाऊल ठेवून यांपैकी फार तर पहिलेच कळते.

४. उलांडी : परंपरेने शोधलेला मध्यममार्ग

अरुंदपणाचे लाभ राखून त्याचा दोष दूर करण्याचा उपाय कोकणच्या मच्छीमारांना फार पूर्वीपासून ज्ञात आहे. होडीच्या एका बाजूस दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला हलक्या लाकडाचा तरंगता ओंडका बांधतात. त्यास 'उलांडी' म्हणतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा व कारवार या पट्ट्यात उलांडीची होडी परिचित आहे. भारतीय होड्यांच्या रचनेचा अभ्यास करणारे जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात अशा होड्यांचा संबंध इंडोनेशिया व पॉलिनेशियाकडील नौकानयनाशी जोडला होता.

उलांडीचे कार्य साध्या तरफेच्या नियमाने समजते. ओंडक्याचे वजन २५ किलो आणि होडीपासूनचे अंतर दीड मीटर धरल्यास तो पाण्यातून पूर्णपणे उचलला जाण्यासाठी ३७.५ किलो-मीटर एवढा कलविणारा जोर लागतो. उलट्या बाजूच्या कडेवरून २० किलोचे जाळे ओढताना आणि त्यासाठी शरीर १५ सेंटिमीटर बाहेर झुकविताना निर्माण होणारा जोर सुमारे १६ किलो-मीटर भरतो. म्हणजे दुपटीहून अधिक शिल्लक राहते. होडी उलांडीच्या बाजूस कलली तर ओंडका दाबला जातो व त्याची तरणशक्ती तिला पुन्हा वर उचलते. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड यासाठी उपयुक्त ठरते, कारण स्वतःच्या वजनाखेरीज बराच जास्त भार पेलण्याची शक्ती त्यात असते.

उलांडीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. जाळे उलांडीच्या बाजूने ओढता येत नाही, कारण ते दांड्यांत अडकते. अरुंद ओहोळात, खारफुटीच्या दाटीत किंवा गर्दीच्या जेटीवर तिची अडचण होते. दांड्यांचे बांध सैल झाले तर आधार ऐनवेळी निसटतो. तरीही कमी वजनात रुंदीचा लाभ देणारा याहून स्वस्त उपाय दुसरा क्वचितच असेल.

५. वजन, किनारा आणि वल्हे

मासेमारी पाण्यात सुरू होते असा सर्वसाधारण समज आहे. एकट्या मच्छीमारासाठी ती वाळूवर सुरू होते आणि वाळूवरच संपते. कोरड्या वाळूवरून साधन ओढण्यास त्याच्या वजनाच्या निम्मा जोर लागतो असे धरले, तर होडीसाठी ६० किलोचा आणि नौकेसाठी १२५ किलोचा जोर हवा. इंजिन जोडल्यास तो आणखी वाढतो. पहिला जोर एक धडधाकट माणूस थांबत थांबत, खाली ओंडके घालून लावू शकतो. दुसरा त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यामुळे नौकावाला पाण्यातच नांगरण्याच्या जागेवर, जेटीवर किंवा इतरांच्या मदतीवर अवलंबून राहतो. मदतीला माणसे असतील त्याच वेळी समुद्रावर जाणे किंवा परतणे शक्य होत असेल, तर ती मासेमारी खऱ्या अर्थाने एकट्याची राहत नाही.

भरती-ओहोटीचा विचारही येथे आवश्यक ठरतो. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीतील फरक ४ ते ५ मीटर असतो. गोव्याकडे तो सुमारे २ मीटरपर्यंत खाली येतो. उत्तर कोकणच्या चिखलवट खाड्यांत ओहोटी लागली की नौका चिखलात बसते व पुढील भरतीपर्यंत हलत नाही. होडी मात्र वीतभर पाण्यातून निघू शकते आणि प्रसंगी चिखलावरून ढकलतही नेता येते.

वल्हवण्याच्या बाबतीत कमी वेगाला होडी निश्चितच सरस आहे. अरुंद व लांब आकार पाणी कमी विस्कटतो आणि हलक्या भारामुळे पाण्याशी घर्षण करणारा पृष्ठभागही कमी राहतो. शिवाय उंच कडांच्या नौकेला वारा ढकलतो. एकटा माणूस वल्ह्याने दीर्घकाळ टिकवू शकेल असा वेग ताशी ४ ते ५ किलोमीटर आहे. उधाणाच्या ओहोटीत खाडीच्या मुखाजवळ प्रवाहाचा वेग तेवढाच होऊ शकतो. तेव्हा प्रवाहाविरुद्ध वल्हवणारा श्रम करूनही जागच्या जागी राहतो. म्हणून वल्ह्यावर चालणाऱ्या मच्छीमाराचे वेळापत्रक पाणी ठरविते. ओहोटीबरोबर बाहेर जायचे व भरतीबरोबर परतायचे, हा नियम त्याला मोडता येत नाही.

खाडीमुखाजवळ आणखी एक धोका संभवतो. दुपारनंतर समुद्राकडून वाहणारा वारा लाटा आत ढकलतो आणि त्याच वेळी ओहोटी बाहेर जात असेल तर प्रवाह व लाटा समोरासमोर येतात. अशा वेळी लाटा आखूड व उभ्या होऊन फुटू लागतात. होडी येथे लवकर भरते. नौकेच्या उंच कडा काही काळ तग धरतात, परंतु इंजिन बंद पडल्यास तीही आडवी होते. ही जागा आणि ही वेळ टाळणे हाच दोन्ही साधनांसाठी खरा उपाय आहे.

६. पाणी शिरल्यानंतर

साधनाची खरी परीक्षा ते उलटल्यावर किंवा भरल्यावर होते. या बाबतीत बाह्य आकारापेक्षा बांधणीचे द्रव्य अधिक महत्त्वाचे ठरते. लाकूड पाण्याहून हलके असते. १२० किलोची लाकडी होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी तरंगत राहते आणि सुमारे ६० किलोची तरणशक्ती शिल्लक ठेवते. पाण्यात राहून तिला धरलेल्या माणसाला ती पुरेशी आहे. पाणी प्यालेल्या जुन्या लाकडात ही शिल्लक कमी होते, हे खरे. उलट फायबरग्लास पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो. २५० किलोची फायबरची नौका पाण्याखाली गेली की तिचे सुमारे ८३ किलो वजन आणि इंजिनाचे सुमारे २७ किलो वजन तळाकडे ओढू लागते. तेवढे पेलण्यासाठी किमान ११० लिटर बंदिस्त फोम किंवा हवाबंद कप्पे हवेत. धरून राहणाऱ्या माणसाचा विचार करता १५० लिटरची तरतूद असावी. फायबरच्या होडीलाही हेच तत्त्व लागू पडते. खरेदीच्या वेळी रंग व चकाकी पाहिली जाते, पण आसनांखाली फोम आहे की रिकामी पोकळी, हे क्वचितच पाहिले जाते.

पूर्ण भरण्यापूर्वीची अवस्थाही फसवी असते. नौकेच्या तळाशी केवळ ५ सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन सुमारे २०० किलो होऊ शकते आणि कलताच ते सर्व खालच्या बाजूस धावते. रुंदीमुळे मिळालेले स्थैर्य अशा वेळी त्या रुंदीमुळेच हिरावले जाते. म्हणून पाणी उपसण्याचे भांडे हाताशी आणि दोरीने बांधलेले असावे.

माणूस पाण्यात पडल्यास होडीच्या कमी उंचीच्या कडा उपकारक ठरतात. टोकाकडून चढल्यास तो पुन्हा आत येऊ शकतो. उलांडी असल्यास तिच्या दांडीचा आधार मिळतो. नौकेची कड पाण्यापासून अर्धा मीटर उंच असली तर ओल्या कपड्यांत, थकलेल्या हातांनी तीवर चढणे बहुतेकांना साधत नाही. कडेवरून पाण्यात सोडलेला दोरीचा फास, ज्यात पाय अडकवून वर येता येईल, हा अगदी स्वल्प खर्चाचा उपाय आहे. इंजिन चालू असताना माणूस पडला तर नौका त्याला सोडून पुढे जाते. म्हणून माणूस दूर जाताच इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधणे एकट्याच्या बाबतीत अत्यावश्यक आहे. जीवरक्षक जाकीट, जलरोधक पिशवीतील भ्रमणध्वनी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक या गोष्टी दोन्ही साधनांना समान लागू पडतात.

७. इंजिन, इंधन आणि उत्पन्न

नौकेचा मुख्य लाभ इंजिनामुळे मिळतो. तिचा आवाका वाढतो, प्रवाहाविरुद्ध परतता येते आणि मासळी लवकर बाजारात पोहोचते. याची किंमत रोज मोजावी लागते. ८ ते १० अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात ताशी साधारण ३ ते ५ लिटर इंधन घेते. दोन तासांच्या जाण्यायेण्याला ६ ते १० लिटर लागले, तर तेवढ्या किमतीची मासळी मिळेपर्यंत मच्छीमाराचे श्रम केवळ इंधनासाठी होतात. होडीवाल्याच्या श्रमाला पहिल्या मासळीपासून मोल मिळते, परंतु त्याचे क्षेत्र लहान राहते. मासळी दूर गेली की तो तिच्या मागे जाऊ शकत नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीकाळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी करता येत नाही. इंजिन नसलेल्या पारंपरिक साधनांना ही बंदी लागू नाही. पावसाळ्यात खुला समुद्र होडीसाठी सुरक्षित नसला, तरी खाडीच्या आतील भागात होडीवाल्याची चूल या काळातही पेटू शकते. वर्षभराच्या उत्पन्नाचा हिशेब करताना हा घटक दुर्लक्षिला जातो. दुसरे असे की, साध्या होडीला मागून इंजिन लावण्याचा प्रयत्न अनेकदा होतो. अरुंद होडीच्या मागील टोकाला ४० किलोचे इंजिन आणि ते चालविणारा माणूस असे १०० किलो एकत्र आले की पुढील टोक, म्हणजे नाळ, वर उचलली जाते, वाऱ्याने ती भरकटते आणि मागील कड पाण्याजवळ येते. सामान पुढे ठेवून हा तोल काही अंशी सावरता येतो. परंतु मुळात इंजिनासाठी न घडविलेली होडी इंजिनाने नौका होत नाही.

८. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून एकट्याने मासेमारी करणाऱ्यासाठी पुढील प्रश्न क्रमाने विचारात घेणे इष्ट ठरेल.

(१) साधन पाण्यात लोटणे व परत वर घेणे दुसऱ्याच्या मदतीविना शक्य आहे काय? नसल्यास कायम नांगरण्याची सुरक्षित जागा उपलब्ध आहे काय?

(२) मासेमारी बसून करावयाची आहे की उभ्याने? उभ्याने असल्यास रुंद नौका किंवा उलांडीची होडी घ्यावी.

(३) कामाची जागा खाडीच्या आत आहे की मुखापलीकडे? मुखापलीकडे नित्य जावे लागत असेल तर उंच कडांची नौका व भरवशाचे इंजिन यांस पर्याय नाही.

(४) पाण्याने पूर्ण भरल्यावर साधन माणसासह तरंगते काय? हे उथळ पाण्यात, इतरांच्या उपस्थितीत, एकदा प्रत्यक्ष भरून पाहावे.

(५) पाण्यात पडलेला माणूस एकटा पुन्हा आत चढू शकतो काय? हेही तसेच करून पाहावे.

(६) इंधनाचा रोजचा खर्च वजा जाता हाती उरणारे उत्पन्न होडीच्या उत्पन्नाहून खरोखर अधिक आहे काय?

पहिल्या, चौथ्या व पाचव्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर उर्वरित बाबतीत सरस ठरणारे साधनही एकट्याने वापरण्यास अयोग्य समजावे.

९. समारोप

होडी आणि लहान नौका यांपैकी एक श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ, असा निवाडा संभवत नाही. खाडीच्या आत, बसून, भरती-ओहोटीच्या चालीने काम करणाऱ्यासाठी होडी, विशेषतः उलांडीची होडी, आजही समर्थ साधन आहे. मुखापलीकडे जाणाऱ्यास नौकेची उंची व इंजिन आवश्यक आहेत, परंतु त्यासोबत फोम, चढण्याची दोरी आणि इंजिन बंद करणारी दोरी या तीन गोष्टी नसतील तर तिचा भक्कमपणा केवळ भासमान ठरतो. २०२० पासून राबविल्या जात असलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना नौका व जाळी देण्याची तरतूद आहे. अशा साहाय्यातून साधन देताना त्याची लांबी व इंजिनाची शक्ती यांबरोबरच ते एका माणसास पेलणारे आहे काय, याचीही नोंद व्हावी. किनारपट्टीवरील महाविद्यालयांना भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र व भूगोल या विभागांच्या सहकार्याने आपल्या परिसरातील साधनांची वजने, रुंदी व तरणशक्ती मोजण्याचे काम सहज हाती घेता येईल. चार जणांच्या नौकेत एकाची चूक इतर तिघे सावरतात. एकट्याच्या साधनात सावरणारे दुसरे कोणी नसते, आणि तेथे ते काम साधनाच्या घडणीलाच करावे लागते.